आतला गाभा

आमच्या पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट छापणारा प्रोग्राम माझ्या नवऱ्याने, सुहासने, लिहिला होता. तो गेला, आणि मूळ कोड कुठेच सापडला नाही. उरली ती फक्त चालणारी फाइल. काल संगणकाचं कर्नल, म्हणजे आतला गाभाच, बदलावं लागलं. ती फाइल उघडली नसती, तर सुहासच्या हातचं काहीच चालतं उरलं नसतं.

ती उघडली. पहिल्यासारखीच.

"वहिनी, गाभा बदलला तरी नव्यानं जुन्या प्रोग्रामच्या हाकेला तेच उत्तर द्यायचं, असा नेमच असतो," सुहासचा मित्र हेमंत म्हणाला.

आत एवढं बदलूनही पडद्यावर काहीच फरक दिसत नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता. मी प्रिंटरमध्ये कागद भरले.

तेवढ्यात आईचा फोन आला. "जेवलीस का गं?"

"हो," मी म्हणाले. आवाज नेहमीचाच होता.