नंदकिशोर तांडेलाची वाकडी रेघ

माझा मेहुणा नंदकिशोर वर्सोव्याचा तांडेल, मासेमारीच्या होडीचा कप्तान. उभ्या आयुष्यात तो खरं बोलला ते फक्त बायकोशी. ती माझी बहीण. तिला फसवणं कुणाच्या बापाला जमत नाही.

गेल्या हिवाळ्यात पवईहून ऋता नावाची संशोधक पोरगी आली. इंग्रजांच्या काळात बुडालेली आगबोट शोधायची होती. होडी ठरली नंदकिशोरची. काम सोपं: समुद्रतळाचं चित्र काढणारा नळा दोरीने मागे ओढायचा आणि होडी सरळ रेघेत न्यायची, शेतात नांगर धरल्यासारखी.

आगबोट कुठे आहे हे याला पोरवयापासून माहीत. तिथे जाळी फाटतात म्हणून बाकीचे फिरकत नाहीत, आणि हा गळ टाकून तांबोशी, हेकरू असलं मोठ्या भावाचं म्हावरं काढतो. त्याच्या दोन्ही पोरी त्यावरच शिकल्या. जागा सापडली की सरकार तिथली मासेमारी बंद करणार, एवढं त्याला कळत होतं. म्हणूनच त्याने हे काम हातचं सोडलं नाही.

आठवडाभर मी होडीवर चहा करत होतो. ती जागा आली की हा गुपचूप सुकाणू वळवायचा आणि पुढे जाऊन परत रेघेवर यायचा. मी डोळे वटारले तर म्हणाला, "गप रे. पान्यावर काय चाकाच्या खुना ऱ्हातान?"

राहतात. शनिवारी ऋताने लॅपटॉप त्याच्यापुढे धरला. पडद्यावर होडीची सगळी वाट उमटली होती. बाकीच्या रेघा फूटपट्टीने आखल्यासारख्या, आणि सात रेघांना एकाच जागी पोट आलेलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

"काका, इथे काय आहे?"

"भोवरा हाय."

"मग उद्या भोवराच बघू या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सुकाणू त्यानेच धरलं. नाही म्हटलं असतं तर दुसरा तांडेल आला असता. होडी सरळ गेली आणि आगबोट पडद्यावर आली. पवईची मंडळी टाळ्या वाजवू लागली. नंदकिशोर वाकून बघत राहिला. चाळीस वर्षं जिच्या जिवावर घर चालवलं, तिला तो पहिल्यांदा बघत होता. मला त्याची दया आली, आणि ती मला सहसा कुणाची येत नाही.

सांगाड्याभोवती पांढरे ठिपके होते. "हा कचरा," ऋता म्हणाली, "छापायच्या आधी पुसून टाकू."

"कचरा नाय गो पोरी," तो म्हणाला. "म्हावरं हाय तं. आमचं घर त्याच्यावर चाललं. तेवढं नको पुसू."