सहीची जागा
टिंक्चरचा वास आला की मला लातूरचा जनावरांचा दवाखाना आठवतो. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. केसपेपरवरचं 'उस्मानाबाद' खोडून वर नव्या जिल्ह्याचा शिक्का मारलेला. भर उन्हाळ्यात आईनं आणि मी आमची म्हातारी मांजर पिशवीतून तिथं नेली. बैलांच्या गर्दीत मांजर तासभर पिशवीतच बसली. पोटाखालची गाठ चाचपून डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर हाय. काढली तर वर्षभर जगंल. पण वय झालंय, भुलीतून उठंलच असं न्हाई." मी हट्ट धरला, काढूनच टाकू. कंपाउंडरनं कागद आईपुढं केला, "मालकानं इथं सही करा." आई म्हणाली, "मी कसली मालकीण? बहात्तरच्या दुष्काळात ही आपल्या मनानं रांजणापाशी आली अन् राहिली. हिच्या जिवावर मी कशी सही करू?" सही न करताच आम्ही परतलो. ती रोज त्याच रांजणाखाली गारव्याला बसायची; पोळ्याच्या आत गेली. आई चुकली, असं मला कैक वर्षं वाटत राहिलं. परवा नांदेडच्या दवाखान्यात आईच्याच ऑपरेशनचा कागद माझ्यापुढं आला, सहीच्या जागेवर फुली मारलेला. मी पेन खिशात ठेवलं आणि आधी आईला विचारायला आत गेलो.