ट्रेबल तू ऐकून सांग

"काहून वाढवून राहिला रे? आधी नको ते काप!"

अॅम्प्लिफायरच्या बटणाकडे माझा हात गेला की काका असं म्हणायचे आणि माझी बोटं हलकेच बाजूला सारायचे.

गोहलपुरात त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं; मोहल्ल्यात सगळेच त्यांना काका म्हणायचे. जबलपुरात तेव्हा ऑर्केस्ट्रा पार्ट्यांचा जोर होता, त्यांचा साउंड काका लावून द्यायचे आणि आमच्या पार्टीत मी इलेक्ट्रिक गिटार वाजवायचो. काकांनी मला बिस्किटाच्या डब्यात फझ बसवून दिला होता. पायाने दाबला की गुळगुळीत सूर एकदम खरखरीत, दाणेदार व्हायचा. तो मला इतका आवडला की मी प्रत्येक गाण्यात दाबू लागलो.

"गाणारी दीदी ज्या पट्टीत गाते, तिथंच तू गर्दी करतोस," काका म्हणाले. "मिड, म्हणजे मधले सूर, उतरव. तिलाही बोलू दे ना."

मिड उतरवला आणि गाणं मोकळं झालं. स्वतः एक सूरही न वाजवता दुसऱ्याचा सूर सांभाळणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

एका दुपारी काकू बाजारात गेल्या होत्या. काकांनी हातातलं काम खाली ठेवलं.

"भैया, कोणाला सांगू नको. वरचे सूर मला आता ऐकू येऊन नाही राहिले. बास येतो, मिड येतो. ट्रेबल तू ऐकून सांग."

तेव्हापासून मी सांगायचो आणि ते बटण फिरवायचे.

त्या वर्षी गणेशोत्सवात आमचा कार्यक्रम होता. दुपारी रिकाम्या मांडवात, माझ्या सांगण्यावरून, त्यांनी ट्रेबल अर्ध्यावर ठेवला. संध्याकाळी मांडव भरला. माझा सोलो आला आणि मला आणखी चमक हवीशी वाटली. काका खाली खुर्चीवर बसले होते. मी ट्रेबल पार शेवटपर्यंत फिरवला आणि वर फझ दाबला.

स्पीकर किंचाळला. लोकांनी कानांवर हात ठेवले. आमचा मॅनेजर धावत आला, "किसने सेट किया ये?"

"काकांनी! त्यांना ऐकूच येत नाही!"

समोर माईक चालू होता. सगळ्या मांडवाने ऐकलं. पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं.

काका उठले, सावकाश स्टेजवर चढले आणि बटण अर्ध्यावर आणलं. ते कुठवर फिरवलं होतं, हे बघायला कान लागत नव्हते. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"चलो, वाजव," एवढंच म्हणाले.

त्यानंतर आमच्याच काय, कुठल्याच पार्टीने त्यांना बोलावलं नाही. मी कोणालाही खरं सांगितलं नाही.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटी ते अमरावतीला मुलीकडे राहायला गेले आणि तिथंच वारले. त्यांनी जबलपूर सोडण्याआधी एकदा मी धीर करून त्यांच्याकडे गेलो होतो. काकूंनी चहा दिला आणि तिथंच बसल्या. मी मान खाली घालून म्हणालो, "काका, त्या दिवशी बटण मी फिरवलं होतं. माफ करा."

काका पुढे झुकले. कानामागे हात धरला.

"काय म्हणतोस? जोरात बोल ना."

मी काकूंकडे पाहिलं. त्याही माझ्याकडेच बघत होत्या.

"चहा छान झालाय," मी जोरात म्हणालो.

काका हसले. काकूंनी माझ्या कपात आणखी अर्धा कप ओतला.