कमलकाकूंचा भरला तांब्या

कमलकाकू तांदूळ निवडायला गाडीत बसायच्या. नौपाड्यात आमच्या शेजारच्या अंगणात ती काळी, लांबलचक अमेरिकन गाडी उभी असे. दुपारी तिचं मागचं दार सताड उघडून, मांडीवर सूप घेऊन काकू आत. मागची सीट म्हणजे दिवाणच. पाय लांब केले तरी पुढच्या सीटला लागत नसत. "घरात एवढी मऊ बैठक कुठे आहे?" असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायच्या.

गाडी त्यांच्या यजमानांची, डॉक्टरकाकांची. ते वारल्यापासून ती जागची हलली नव्हती. एकदा काकूंनी मला कुंपणावरून हाक मारली. गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक इंग्रजीत होतं. "कॉन्व्हेंटात शिकलीस ना? मग वाच आणि मला मराठीत सांग." मला माणसांशी बोलायचं दडपण येई, पण तोंडापुढे पुस्तक असलं की बरं वाटे.

मी वाचायचे आणि काकूंचं "पण का?" सुरू व्हायचं. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच का? पुढच्या सीटवर तिघांना ऐसपैस बसता यावं म्हणून. चढावर वायपर का मंदावतात? ते इंजिनाच्या हवा ओढण्यावर चालतात, आणि चढावर इंजिनाला जोर लागला की ती ओढ कमी पडते. "म्हणजे ऐन गरजेला दमतात. आमच्या भाऊजींसारखे," काकू म्हणाल्या.

भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. उभी गाडी सडते म्हणून त्यांनी ती कल्याणच्या एका धान्याच्या व्यापाऱ्याला विकायचं ठरवलं होतं. काकूंनी मान्यही केलं. पण एक गोष्ट त्यांच्या डोक्यातून जात नव्हती. डॉक्टरकाका सगळ्यांना सांगायचे, या गाडीच्या स्प्रिंगा अशा आहेत की भरल्या तांब्यातलं पाणी सांडणार नाही. त्यांनी काकूंना मैदानात गाडी शिकवली, लायसन्सही काढून दिलं. रस्त्यावर मात्र स्टिअरिंग कधी हाती दिलं नाही. "खरं होतं की थाप होती, ते मला बघायचंय. गाडी गेली की कायमचं राहून जाईल."

गाडी आपण स्वतः पोचवणार, असं काकूंनी जाहीर केलं. वाटेत बंद पडली तर, असं भाऊजींनी विचारलं. "तर त्या व्यापाऱ्यालाच बोलावू. गाडी त्याचीच आहे."

मेकॅनिककडून गाडी चालू करून घेतली, आणि नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून काकू स्टिअरिंगवर बसल्या. मागे मी, आणि माझ्या शेजारी सीटवर काठोकाठ भरलेला तांब्या. त्याला हात लावायचा नाही, अशी ताकीद होती. "तू खोटं सांगणार नाहीस. तुला बोलायलाच जड जातं," काकू म्हणाल्या.

मुंब्र्यापुढे रस्ता पार उखडलेला होता. खड्डा आला की गाडी होडीसारखी वर उचलली जाई आणि अलगद टेकत असे. पाणी काठाशी थरथरत होतं, पण सांडत नव्हतं. मग शिळफाट्याला वळण आलं, गाडी एका अंगावर झुकली आणि तांब्या माझ्या मांडीवर आडवा झाला.

"काकू," मी म्हटलं, "खड्ड्यात नाही सांडलं. वळणावर सांडलं."

त्यांनी गाडी कडेला थांबवली. "स्प्रिंगा मऊ, म्हणून खड्डे गिळते. आणि मऊ, म्हणूनच वळणावर कलते," त्या सावकाश म्हणाल्या. "अर्धंच सांगितलं मला."

कल्याणला व्यापाऱ्याच्या हाती किल्ली देताना त्या इतकंच म्हणाल्या, "वळणावर हळू घ्या."

परत येताना एसटीच्या स्टँडवर त्यांनी नळाखाली तांब्या पुन्हा काठोकाठ भरला आणि बसमध्ये मांडीवर धरला. पहिल्याच खड्ड्याला आम्ही दोघी भिजलो. समोरच्या बाकावरचा माणूसही भिजला आणि वैतागून वळला.

काकूंनी ओल्या पदराने तोंड पुसलं. "बघ," त्या म्हणाल्या, "थाप नव्हती."