पोटदुखीला डोक्याची पट्टी

आयुष्यात पहिल्यांदा मी इस्पितळात पडलो तो आईच्या सांगण्यावरून. प्रकृती ठणठणीत होती.

त्याचं झालं असं. माझी धाकटी बहीण सुमन सातवी पास होऊन आईबरोबर मासळीची पाटी घेऊन बाजारात बसायची. एके दिवशी जेवताना तिनं जाहीर केलं, "मी नर्स होणार." डहाणूच्या आमच्या खाडीकाठच्या आळीत तोवर मुली दोनच गोष्टी होत असत: आधी मोठ्या आणि मग सासुरवाशिणी. त्यामुळे सगळ्यांचे घास हातातच राहिले. (माझा राहिला नाही. त्या दिवशी कोलंबीचं कालवण होतं.)

तिला हे वेड लागलं ते बाबांच्या पायामुळे. बाबा होडीवर असताना त्यांच्या पायात पाकट माशाचा विषारी काटा घुसला आणि पाय सुजून भोपळा झाला. गावाबाहेरच्या इस्पितळातल्या एका शिकाऊ नर्सनं रोज जखम धुऊन, पट्टी बांधून तो पाय वाचवला. सुमन तिच्या शेजारी तसराळं धरून उभी राहायची. मीही एकदा उभा राहिलो होतो. त्यानंतर बाबांच्या शेजारी मलाही निजवावं लागलं.

बाबा म्हणाले, "तुझी आई हो म्हणाली तर जा बाय. मी दर्यावरचा माणूस, मला काय कळतंय?"

इथंच खरी मेख होती! आई मासळी विकायची, पण तिचं नाव होतं ते मासळी घेण्यात. होडी बंदराला लागली, की बाकीच्या बायका पापलेटाच्या रूपावर भुलायच्या. आई रूपाकडे ढुंकून बघायची नाही, सरळ माशाचा कल्ला उघडायची. आत लाल दिसलं तर हो, नाहीतर पुढची पाटी. भलेभले होडीवाले तिच्यासमोर माल मांडताना देवाचं नाव घ्यायचे. अशा बाईकडून सुमनला 'हो' मिळवायचा होता, तोही दिवाळीची सुट्टी संपायच्या आत, कारण सुट्टीनंतर नर्सिंगच्या शाळांची नवी तुकडी सुरू व्हायची. 'हो' आला नाही तर सुमनची पाटी कायमची डोक्यावर.

शाळा दोन होत्या. एक मुंबईची आणि दुसरी आमच्या त्या गावाबाहेरच्या इस्पितळाची. मी मॅट्रिक झालेला, वर प्राथमिक शाळेत मास्तर. तेव्हा शाळा निवडायचा अधिकार माझाच, असं मला सोडून कोणालाही वाटत नव्हतं. तरी मी आईला आग्रहानं मुंबईला नेलं. काय ती इमारत! काय ते जिने! फरशीत तोंड दिसत होतं. दाखवायला आलेल्या गृहस्थांनी सभागृह दाखवलं, ग्रंथालय दाखवलं, भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. मी प्रत्येक ठिकाणी "वा!" म्हणत होतो.

आईनं विचारलं, "आजारी माणसं कुठं हायत?"

"बाई, वॉर्डात बाहेरच्यांना जाता येत नाही."

"मंग मी बघू काय? घड्याळ?"

बाहेर पडल्यावर ती मला म्हणाली, "फडकं टाकून झाकलेल्या पाटीतलं मी कधी घेतलं नाय."

मग आमच्या इस्पितळाची पाळी. कौलारू इमारत, पुढे चिकूची झाडं आणि दारात मेट्रन शिरीनबाई. शिरीनबाई पारशी. वाणगावपासून तलासरीपर्यंत त्यांना ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि त्यांनी ज्याला दम दिला नाही असाही नव्हता. मराठी बोलताना त्या व्याकरणाला फारशी किंमत देत नसत, पण माणसाला देत. त्यांनी आईला सगळं दाखवलं. वॉर्ड, स्वयंपाकघर, मुलींच्या खोल्या, विहीरसुद्धा!

आईनं विचारलं, "पोरींना शिकायला कुठं धाडता?"

"आधी इथे वॉर्डात. मग कासा, तलासरी, तिथून झरीकडच्या पाड्यांवर. बाळंतपण पण करते, जखम पण बांधते."

"पण हात कोणावर बसवतात? पहिल्यांदा चुकायचं ते कोणावर?"

शिरीनबाई हसल्या. "ए बाई, तू तर इन्स्पेक्टरच्या वरचा निघाला!" तेवढ्यात त्यांना आतून बोलावणं आलं आणि उत्तर राहून गेलं.

घरी परतताना मी म्हणालो, "आता तरी पटलं ना?"

"आपण येणार ते त्यांना ठावं होतं. पाव्हण्याला दाखवायची मासळी वेगळी असते." आई थोडं अंतर चालली आणि थांबली. "कल्ला उघडून बघाया लागेल. कोणतरी आत पडाया पायजे."

"कोण?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"मी? मला काय झालंय?"

"होईल कायतरी. तुला सुट्टी हाय. एवढा शिकलेला, तुला पोटात दुखाया जमणार नाय?"

"आणि आत जाऊन बघायचं काय?"

"एकच बघ. रडणाऱ्याकडं कोण जातं ते बघ. आणि सुमनला सांगू नको, ती हसेल."

दुसऱ्या दिवशी मी पोट धरून इस्पितळात हजर. वाटेत सराव केला होता. डॉक्टरांनी पोट दाबलं. "इथं दुखतं?" "आई गं!" "इथं?" "मेलो!" "आणि इथं?" "बाप रे, तिथं तर फारच!" डोळे उघडून पाहिलं, तर डॉक्टर केव्हाच पलीकडे हात धूत होते.

शिरीनबाईंनी माझी जीभ पाहिली, डोळे पाहिले, मग पुन्हा जीभ पाहिली आणि फार गोड हसल्या. "दीकरा, तुला ठेवावा लागेल. जेवण बंद."

पोटदुखीवर पहिला उपाय कोणता करतात, हे मला ठाऊक नव्हतं. तो इथं लिहीत नाही. ज्यांनी भोगलाय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी भोगला नाही त्यांची झोप कशाला उडवा! त्यानंतर मात्र मला खरोखरच अशक्तपणा आला.

मी तसा गळून पडलेला असतानाच शिकाऊ मुलींची तुकडी आली. शिरीनबाई म्हणाल्या, "मुलींनो, पुढच्या आठवड्यात तुम्ही कासा-तलासरीला जाणार. तोपर्यंत हा पेशंट तुमचा!"

एखाद्याच्या घरी पाहुणे उतरावेत तशा त्या माझ्यावर उतरल्या. एकीनं नाडी बघितली. दुसरीला ती सापडेना म्हणून तिसरीनं शोधून दिली. मग पेशंटला न उठवता चादर बदलायची कशी, हा धडा. मला डावीकडे लोटलं, उजवीकडे लोटलं, चादर काढली, घातली. शिरीनबाई म्हणाल्या, "सुरकुती आहे. परत!" परत लोटलं. एका दुपारी माझी चादर इतक्या वेळा बदलली, की धोब्यालासुद्धा दया आली असती.

खरं सांगायचं तर मुली गुणी होत्या. एकदाही आवाज चढला नाही. चुकलं की "लागलं का, मास्तर?" असं विचारायच्या. माझ्या शाळेतली पोरं चुकली की मी काय करायचो ते आठवून मला जरा लाजच वाटली. त्यात लाडकी नावाची एक मुलगी होती, तलासरीकडच्या पाड्यावरची. बुजरी, पण हात असा हलका, की पट्टी बांधून झाल्यावरच कळायचं. शिरीनबाई तिला मुद्दाम पुढे करायच्या.

हो, पट्टी! दुसऱ्या दिवशी पट्ट्यांचा धडा होता. डोक्याला पट्टी. हाताला झोळी. पायाला फळ्या. मांडवावर वाळत घातलेल्या बोंबलासारखा मी आडवा. शेजारच्या खाटेवर झरीचे रुपजीबाबा होते. त्यांचा पाय ताडावरून पडून खरोखरच मोडला होता. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

"मास्तर, तुला काय झाला हाय?"

"पोटात दुखतंय, बाबा."

"मंग डोक्याला काय बांधलाय?"

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात शिरीनबाईंनी लाडकीला जबडा मोडलेल्या माणसाची पट्टी बांधायला सांगितली. हनुवटीखालून डोक्यावर दोन घट्ट वेढे बसले आणि माझं तोंड बंद झालं. (घरी ही पट्टी फार आधी हवी होती, असं सुमन अजून म्हणते.)

आणि नेमकी त्याच वेळी वॉर्डाच्या दारात आई उभी! बाजार उरकून, रिकामी पाटी काखेत, बरोबर सुमन. आईनं खाटेवर पाहिलं. डोकं बांधलेलं, हात झोळीत, पाय फळ्यांत. मी तिला धीर द्यायला गेलो, पण तोंडातून निघालं ते "ऊं! ऊं ऊं!"

आईच्या काखेतली पाटी खाली पडली. "अगं बाय! माझ्या पोराला काय केलंत गं! धडधाकट धाडला होता मी त्याला! एक दुखणं नव्हतं त्याच्या अंगात!"

आई खाली बसून ढसाढसा रडायला लागली. बाजारात कोणी जिच्या डोळ्यात पाणी पाहिलं नव्हतं, ती माझी आई! मुली जागच्या जागी थिजल्या. लाडकीनं मात्र हातातली पट्टी तशीच सोडली (गुंडाळी खाटेखालून थेट रुपजीबाबांपर्यंत गेली!), धावत जाऊन आईशेजारी जमिनीवर बसली आणि तिचे दोन्ही हात धरले.

"मावशी, रडू नको. त्याला काय पण झाला नाय. मी बांधायला शिकतेय."

इकडे सुमन माझ्या खाटेशी आली, पट्टीखाली बोट घालून बघितलं आणि म्हणाली, "आई, रक्त कुठंच नाय. रंगसुद्धा चांगला हाय. तू रडतेस कशाला?" आणि मग तिला आईचं वाक्य उमगलं. धडधाकट धाडला होता! तिचा चेहरा खर्रकन उतरला. शाळेला फसवायला घरचेच आलेले, आता ही शाळा तिला दारात तरी उभी करणार होती का? तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की फळ्यांतला पाय मी आणखी आत ओढून घेतला.

शिरीनबाई कंबरेवर हात ठेवून पुढे आल्या. "धडधाकट आहे? ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे! जीभ एकदम गुलाबी. डॉक्टरने हात काढला तरी ओरडते! पण का आला ते कळेना."

आईनं डोळे पुसले, उभी राहिली आणि एक शब्दही न लपवता सांगून टाकलं. "मीच धाडला. पोर द्यायची हाय तुमच्याकडं. वरवर बघून कशी देऊ? कल्ला उघडून बघत होते."

शिरीनबाईंनी आईला नीट निरखून पाहिलं. मग त्या अशा हसल्या, की रुपजीबाबाही मोडका पाय विसरून हसू लागले.

"अरे बाई, तू विचारला होता ना, पहिल्यांदा चुकायचा ते कोणावर? हे घे उत्तर!" त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "माझ्या मुली आधी एकमेकींवर चुकतात. मग माझ्यावर. आजारी माणसावर चुकायला मी देत नाही. पण एकमेकींना बांधताना त्या हसतात, लक्ष देत नाहीत. आणि हा देवाने पाठवला! फुकटचा पेशंट, वजनाला भारी, दुखत काही नाही. मी सोडते का?"

आईनं लाडकीकडे पाहिलं. तिचा एक हात अजून लाडकीच्याच हातात होता. मग ती सुमनला म्हणाली, "हीच शाळा. मी रडले तं ही धावली. तुला असं धावता यायला पायजे, नायतर पाटी हाय."

सुमन ओठ चावून उभी राहिली आणि मग माझ्याच झोळीतल्या हातावर डोकं टेकून रडली. त्या झोळीला मी नंतर कधी नावं ठेवली नाहीत.

शिरीनबाई तिला म्हणाल्या, "तू आधी रक्त बघितला, मग रडली. तुझा नाव मी लिहिला समज."

सुमन शिकली. लाडकीच्या मागोमाग कासा-तलासरीचे पाडे पायी तुडवून आली, आणि पुढे त्याच शाळेत शिकवायला लागली. कितीतरी बायका तिच्या हातून सुखरूप सुटल्या. आई आजही बाजारात सांगते, "पापलेट चुकेल, पण ही निवड नाय चुकली." मला मात्र दर दिवाळीच्या सुट्टीत शिरीनबाईंचा निरोप यायचा: "तुकडी पट्ट्या शिकायला आली. मास्तरच्या पोटात दुखते का विचारा." आणि माझ्या पोटात दुखू लागायचं.

अलीकडे मात्र खरंच दुखलं. मी कोपऱ्यात गुपचूप पडून होतो. घरात कोणाचाच विश्वास बसेना. "कुठली तुकडी आलीय?" म्हणून बायकोनं चहा पुढे केला. सुमन आली, तिनं एकदाच पोटाला हात लावला आणि गाडी बोलावली.

"तुला कसं कळलं खरं आहे ते?" मी कण्हत विचारलं.

"दादा, तू ओरडत नव्हतास."

अपेंडिक्स निघालं. वेळेवर आणलं म्हणून वाचलो, असं डॉक्टर म्हणाले. मी भरल्या डोळ्यांनी बहिणीचे आभार मानणार, तोच तिनं दार उघडलं. मागे पांढऱ्या कपड्यांतल्या मुलींची रांग.

"या गं," सुमन म्हणाली. "हा पेशंट तुमचा. घाबरू नका, त्याला सवय आहे."

ऑपरेशन पोटाचं झालं होतं. मी मुकाट्यानं डोकं पुढे केलं.