यादीतला पॅड

गेल्या मंगळवारी अकोल्याला कोर्टात जाऊन आले. भांडायला नाही... लेकीच्या खर्चात माझा वाटा किती, ते ठरवायला.

आम्ही नवरा-बायको दोन वर्षांपासून वेगळे राहतो. मी अमरावतीला सरकारी ऑफिसात क्लार्क, ते हिवरखेडला भाजीपाला पिकवतात. बारा वर्षांची लेक त्यांच्याजवळ असते, कारण तिला शाळा आणि मैत्रिणी सोडायच्या नव्हत्या. सासूबाई गेल्यापासून त्या घरात बापलेक दोघंच.

लोकांना वाटतं, असे पैसे बापानेच द्यायचे असतात. आमच्यात पगार माझा, तोही जास्त... म्हणून देणारी मी.

समुपदेशक मॅडमनी दोघांकडून फॉर्म भरून घेतले होते. माझं सोपं होतं, सॅलरी स्लिप लावली, टॅक्स आणि पीएफ वजा झाला. त्यांचं अवघड... वांगी, टमाटर, सांबार म्हणजे कोथिंबीर. आज भाव आहे, उद्या ढोरापुढे टाकायची वेळ. मॅडमनी वर्षभराच्या बाजाराच्या पावत्या बघून, बी-खत-मजुरी वजा करून महिन्याची सरासरी काढली.

मग म्हणाल्या, "याचा ठरलेला तक्ता नसतो. पण तुमची कमाई दोन रुपये धरली तर यांची एक. म्हणून लेकीच्या खर्चाचे तीन भाग करू, दोन तुमचे. सुट्टीत ती तुमच्याकडे असते, तो खर्च वेगळा धरू. मोठी झाली, कॉलेजला गेली की पुन्हा बसू."

मला पटलं. राहिली होती खर्चाची यादी. ती लेकीच्या बाबांनीच वहीच्या पानावर लिहून आणली होती... शाळेची फी, ऑटो, ट्युशन, दूध, चपला, केसाचं तेल.

मी दिवसभर बिलंच तपासते हो. सवय जात नाही. बोट ठेवत ठेवत खाली आले आणि एका ओळीवर अडले. 'पॅड, दर महिना.'

मला वाटलं, परीक्षेला न्यायचा पॅड. म्हटलं, "पॅड दर महिन्याला कसा लागतो? एक घेतला की दोन-तीन वर्षं पुरतो."

त्यांनी मान खाली घातली. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या... आणि मग मला कळलं.

माझी लेक मोठी झाली होती. आणि हे मला खर्चाच्या यादीतून कळत होतं.

"कधी?" एवढंच विचारता आलं.

"संक्रांतीच्या आधी," ते म्हणाले. "पोट दुखून राह्यलं म्हणे. मले वाटलं, बाहेरचं खाल्लं असन. मंग तिनंच सांगतलं. कोणाले पाठवू? मीच गेलो मेडिकलात."

"मला का नाही सांगितलं?"

"मी म्हटलं तिले, आईले फोन लाव. तर म्हणे, नोको बाबा. तुमी बी नोका सांगू."

संक्रांत होऊन दोन महिने झालेत. मी रोज व्हिडिओ कॉल करते. रोज विचारते, जेवलीस का, अभ्यास झाला का... स्क्रीनवर तिचा चेहरा दिसायचा आणि मला वाटायचं, सगळं दिसतंय.

वाटा ठरला. मी एकच मागितलं... ती ओळ खोडा. ते मी स्वतः नेऊन देईन, दर महिन्याला, तिच्या हातात. मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "येऊ द्या तिले. पोरगी वाट पाह्यते."

रविवारी हिवरखेडला गेले. अमरावतीहून अकोला, तिथून पुन्हा एसटी... पूर्ण रस्ताभर ठरवत होते काय बोलायचं ते. दार तिनेच उघडलं. माझ्या कानापर्यंत उंची आली आहे तिची.

हातातली पिशवी पाहून ती समजली. लाजली. मग मी विचारलंच, "मला काहून नाही सांगितलं गं?"

ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "तू लगेच आली असती ना आई... अन् दुसऱ्या दिवशी चालली गेली असती. मंग मले लय रडू येते. म्हणून नाही सांगतलं."

मी तिला जवळ घेतलं. बोलायचं ठरवलेलं सगळं विसरून गेले.

तिचे बाबा ओट्यावर बसले होते. त्यांनी ऐकलं असावं. चप्पल घालत आतल्या दिशेने म्हणाले, "राह्य आज. मी वावरात झोपतो." आणि टॉर्च घेऊन निघून गेले.

सोमवारची रजा टाकली. आम्ही दोघी एका ताटात जेवलो. पहिल्या दिवशी ती किती घाबरली, बाबांनी मोबाइलवर व्हिडिओ शोधून तिच्या हातात दिला आणि स्वतः बाहेर जाऊन कसे उभे राहिले, सगळं सांगितलं तिने. मीही माझं सांगितलं. ती हसली... मग माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपली. दंडाला मुंग्या आल्या, पण मी हात काढला नाही.

सकाळी तिला शाळेत सोडून एसटीत बसले. निघावं लागलंच. अजूनही निघावं लागतं, दर महिन्याला लागेल... आणि ती रडेल हेही माहीत आहे. तरी जाणार.

हे लिहू का म्हणून तिला विचारलं. "माझं नाव नको टाकू, बाकी लिही," म्हणाली. तिचे बाबा फेसबुकवर नाहीत. लाज बाजूला ठेवून त्यांनी मेडिकलात पाऊल ठेवलं, ती ओळ लिहिली, त्याबद्दल थँक्यू म्हणायचं समोरासमोर जमलं नाही मला. लेकीला सांगितलंय... एवढं त्यांना वाचून दाखव.