मिरजेच्या फोटोवाल्या बाई

मिरजेच्या फोटोवाल्या बाईंच्या हातात कुणी जुना फोटो दिला, की त्या आधी तो उलटा करायच्या. फोटोतला फेटेवाला कितीही रुबाबदार असो, बाई त्याच्याकडे बघायच्या नाहीत. "माणूस नंतर बघू, आधी पत्ता बघू," म्हणत पुठ्ठ्याच्या मागं छापलेलं फोटोग्राफरचं नाव वाचायच्या. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवणाऱ्यांनाही त्यांचं एकच उत्तर असायचं, मागची बाजू पाठवा.

सांगलीच्या एका मुलींच्या शाळेत त्या चित्रकला शिकवायच्या. यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. निवृत्तीनंतर हा नाद लागला. दीडशे वर्षांपूर्वी आपल्या भागात स्टुडिओ थाटणारे फोटोग्राफर कोण, कुठून आले, गाव सोडून कधी गेले, हे शोधायला त्या एसटीनं साताऱ्याला जायच्या आणि वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती वाचत बसायच्या. तोच रंगवलेला पडदा, तीच कोरीव खुर्ची दोन वेगळ्या घरांतल्या फोटोंत सापडली, की जुनी मैत्रीण भेटल्यासारख्या खुलायच्या. फोटो काढणारा फोटोत दिसत नाही, म्हणून त्याची कुणी चौकशी करत नाही, अशी त्यांची तक्रार असायची.

आमच्या पणजोबांच्या फोटोची काच फुटली म्हणून मी तो इस्लामपूरहून मिरजेला नेला होता. फ्रेमवाल्यानंच मला बाईंकडे धाडलं. फोटोत पणजोबा खुर्चीवर बसलेले, शेजारी नऊवारीतली पणजी उभी. दर दसऱ्याला आम्ही त्याला हार घालायचो. पणजी लग्न होऊन कधी आल्या, असं बाईंनी विचारलं. प्लेगानंतर, मी म्हणालो. माझी आत्या तसं सांगायची. बाईंनी फोटो पुन्हा उलटा केला. फोटोमागचा पत्ता साताऱ्याचा होता आणि तो फोटोग्राफर प्लेगाच्या आधीच सातारा सोडून मिरजेला आला होता. तशी त्याची जाहिरातच बाईंनी वाचली होती.

"या तुमच्या पणजी नसाव्यात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण मला आधी पडदा जुळवून बघू दे. घाईनं कुणाची आजी बदलू नये."

पडदा जुळला; त्या फोटोग्राफरच्या साताऱ्यातल्या इतर फोटोंतलाच तो होता, म्हणजे जुना पुठ्ठा मिरजेत वापरलेला नव्हता. मग बाई स्वतःच इस्लामपूरला आल्या, कारण असलं काही फोनवर सांगायचं नसतं, असं त्यांचं मत. आत्या तेव्हा नव्वदीच्या घरात होती. तिनं आजीला पाहिलं ते आजी म्हातारी झाल्यावरच, त्यामुळं फोटोतली तरुण बाई वेगळी असेल अशी शंका तिला कधी आली नव्हती. जन्मभर जिला आजी म्हणून हात जोडले ती आजी नव्हेच, हे ऐकून ती तोंड फिरवून बसली. बाईंनी वाद घातला नाही. तुमच्या आजीच्या गळ्यात काय काय असायचं, एवढंच विचारलं.

आत्या तोंड न वळवताच म्हणाली, "टाक व्हता. आंघोळीला सुदिक काढायची न्हाई. आमी पोरी इचारायचो, तर म्हनायची, थोरली हाय. आमाला वाटायचं, कुठली तरी देवी आसंल."

पहिली बायको वारली, की दुसरीनं तिच्या नावाचा टाक, चांदीच्या पत्र्यावर उठवलेली छोटी मूर्ती, गळ्यात घालायची जुनी रीत. फोटोतली बाई ही ती थोरली. बहुधा प्लेगातच गेली असावी. आत्याने फोटो मांडीवर मागून घेतला आणि पदरानं पुसला. थोरलीचं नाव मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. बाईंनाही ते शेवटपर्यंत सापडलं नाही आणि त्याची त्यांना फार रुखरुख होती.

त्या पितृपक्षात अविधवा नवमीला, नवऱ्याआधी गेलेल्या सवाष्णींच्या दिवशी, आत्याने थोरलीच्या नावानं पहिल्यांदा पान वाढायला लावलं. बाईंना मुद्दाम बोलावलं. जेवणं झाल्यावर ती खण-नारळ घेऊन बाईंची ओटी भरायला उठली, तशा बाई मागं सरकल्या. मला चालत नाही, म्हणाल्या.

"थोरलीचं म्हायेर कुठलं, कुनाला ठावं न्हाई," आत्या म्हणाली. "तिच्याकडनं ह्या दारात आलेलं मानूस तुमीच. पदर फुडं करा."

बाईंनी पदर पुढं केला.

बाई जाऊन आता दोन-तीन वर्षं झाली. आत्या अजून आहे. नवमीला थोरलीचं पान वाढलं, की ती दाराकडे बघत म्हणते, "हिच्या म्हायेरचं आता कोन ऱ्हायलं न्हाई."